रक्ताच्या थेंबात कॅन्सर कळेल, पण पुढची दुर्बीण कुठं करायची?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर रक्ताच्या एका थेंबात आतड्याचा कॅन्सर कळणार अशी बातमी आली होती, बायोसेन्सर नावाची चिप, ती रक्तातल्या अँटिबॉडी (शरीर परक्या गोष्टीविरुद्ध बनवतं ती प्रोटीन) पकडते, थोड्या वेळात रिपोर्ट वगैरे. त्याचं कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत दोन दिवसांत आमच्या लॅबमधे पोचलं आणि तेव्हापासून रोज कुणी ना कुणी काउंटरवर विचारतंय, "ते कॅन्सरचं रक्त तपासायचं तुमच्यात होतंय का, किती घेताय?" मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं औषधपाण्याचं सांगायचा मला अधिकार नाही, पण अँटिबॉडी, सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी), स्ट्रिप, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यातच आमचा दिवस जातो म्हणून लिहायला बसलोय. बातमी खोटी नव्हती पण अर्धवट होती, आणि जे राहिलं तेच आपल्या भागातल्या माणसाच्या जास्त कामाचं आहे.

आधी त्या चिपचं सांगतो, कारण गोष्ट खरंच भारी आहे. कॅन्सरच्या पेशी बिघडलेली प्रोटीन बनवतात, काही प्रोटीन नको तेवढी जास्त बनवतात, आणि आपलं शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पी५३ नावाचं एक प्रोटीन आहे, १९७९ मधे सापडलेलं, पेशीला वेळीच थांबवायचं काम करणारं, ते बऱ्याच कॅन्सरमधे बिघडतं. १९८२ मधे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात या पी५३ विरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आणि तिथनं हा सगळा विषय सुरू झाला. फायदा असा की गाठ बारीक असताना तिनं रक्तात सोडलेला माल इतका कमी असतो की मशिनला सापडत नाही, पण तेवढ्याशा मालावर शरीर अँटिबॉडी मात्र भरपूर बनवतं. उसात रानडुक्कर शिरलं तर ते दिसत नाही, राखणीच्या कुत्र्यांचं भुंकणं आधी ऐकू येतं, तसंच. शिवाय अँटिबॉडी टिकाऊ असतात, रक्तात तीनेक आठवडे तरी सहज राहतात, सिरम वेगळं करून फ्रीझरला ठेवलं तरी खराब होत नाहीत, आमच्यासारख्याला हे फार सोयीचं. काही पेशंटमधे तर रोग कळायच्या कितीतरी महिने, कधी वर्षं आधी घेतलेल्या रक्तातसुद्धा त्या सापडल्यात.

आता त्या पकडायच्या कशा. एलायझा नावाच्या लॅबमधल्या टेस्टनं पकडता येतात, ते आम्ही रोज करतो, पण त्याला मोठं मशिन, प्लेट, दोन-चार तास आणि शिकलेला माणूस लागतो. बायोसेन्सरचं तत्त्व म्हणजे घरातल्या शुगरच्या स्ट्रिपचं, म्हणजे कार्बनची शाई छापलेली छोटी पट्टी आणि त्यातनं येणारा करंट मोजायचा, लेलँड क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९६२ मधे एन्झाइम लावून करंट मोजायची मूळ कल्पना मांडली आणि त्याच वाटेनं पुढं ग्लुकोमीटर घराघरात गेला. स्पेनमधे माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठातली आणि तिथल्या कार्लोस तिसरा आरोग्य संस्थेतली मंडळी बरीच वर्षं या अँटिबॉडीवाल्या चिपवर काम करतायत. ते काय करतात, तर लोहचुंबकाला चिकटणारे एकदम बारीक मणी घेतात, त्यावर पी५३ सारखं प्रोटीन बसवतात, त्यात पेशंटचं पातळ केलेलं सिरम घालतात, अँटिबॉडी असली तर ती प्रोटीनला जाऊन चिकटते, मग तिला पकडणारी दुसरी अँटिबॉडी घालायची जिच्या शेपटीला पेरॉक्सिडेज एन्झाइम लावलेलं असतं, मणी चुंबकानं पट्टीवर ओढून घ्यायचे, हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं आणि करंट बघायचा. जेवढी अँटिबॉडी जास्त तेवढा करंट जास्त. (हे पेरॉक्सिडेज हॉर्सरॅडिश नावाच्या मुळावर्गीय झाडातनं काढतात. त्याच जातीचं एन्झाइम आपल्या कच्च्या मुळ्यात पण असतं, म्हणून शौचातलं रक्त बघायची जुनी टेस्ट करायच्या आधी आम्ही लोकांना मुळा खाऊ नका म्हणून सांगायचो, लोकांना वाटायचं हे काय आयुर्वेद सांगायला लागलेत.)

म्हणजे लगेच दुकानात मिळणार का, तर नाही. एकट्या पी५३ ची अँटिबॉडी आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमधे वीस-पंचवीस जणांतच सापडते, बाकीच्यांच्या शरीरानं ती बनवलेलीच नसते. म्हणून हे लोक एकाच पट्टीवर सहा-आठ वेगवेगळी प्रोटीन घेऊन बघतायत, एक नाही सापडलं तर दुसरं सापडेल या हिशोबानं, त्यानं आकडा सुधारतो. पण अशा प्रयोगात तपासलेले पेशंट डझनांत मोजावेत एवढेच असतात, आणि बहुतेकदा आधीच निदान झालेले. गावातल्या धडधाकट दिसणाऱ्या हजारो माणसांत ती चिप कशी वागते ते वेगळंच प्रकरण. आणि पी५३ आतड्याच्याच मालकीचं थोडंच आहे, फुप्फुस, स्तन, अन्ननलिका कुठल्याही कॅन्सरमधे ती अँटिबॉडी येऊ शकते, मग पॉझिटिव्ह आलेला माणूस घेऊन जायचा कुठं.

तरी मला ही चिप यावी असं मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण स्पेनमधलं नाही, इथलं आहे. आपली माणसं रक्त द्यायला नाही म्हणत नाहीत. "घ्या की किती पायजे तेवढं" म्हणून बाही वर करतात. पण शौचाचं सॅम्पल मागितलं की चेहरा बदलतो. आतड्याच्या कॅन्सरसाठी जगभर जी साधी स्वस्त टेस्ट करतात ती शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची, तिला फिट म्हणतात, ती फक्त माणसाच्या रक्ताला दाद देते त्यामुळं मुळा, मटण कशाचं पथ्य नको, डबीच्या झाकणाला काडी असते तिनं चिमूटभर घ्यायचं, झालं. तेवढं पण होत नाही. डबी घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, आला तर रिकामी डबी ठेवून जातो, एक काका तर डबी वर्तमानपत्रात, ती पिशवीत, ती पिशवी अजून एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आले आणि काउंटरवर ठेवून काही न बोलता रस्ता ओलांडून गेले, नाव पण सांगितलं नाही, मग मी धावत जाऊन विचारलं. बायकांचं तर बोलूच नका, घरात सून-सासरा-नातवंडं आणि संडास एक, तिथं डबी कुठं ठेवणार. त्यामुळं बोटातनं किंवा दंडातनं रक्त घेऊन काम भागणार असेल तर आपल्याकडं तपासणीला येणारी माणसं कितीतरी पटीनं वाढतील, याबद्दल मला काडीची शंका नाही.

पण तोवर काय चाललंय ते पण लिहितो. पलूस भागातले एक शेतकरी, पन्नाशीच्या आतले, अशक्तपणा म्हणून रक्त तपासायला आले, हिमोग्लोबिन सातच्या खाली. स्लाइड बघितली तर लाल पेशी बारीक आणि फिक्या, म्हणजे लोह संपलेलं, म्हणजे कुठनं तरी रक्त जातंय. धडधाकट पुरुषाला आणि पाळी थांबलेल्या बाईला असं झालं तर पोट-आतडं बघायला पाहिजे हे आम्हाला पण कोर्सला शिकवलेलं. विचारलं तर म्हणाले, संडासवाटे रक्त जातंय की, सात-आठ महिने झाले, मूळव्याध हाय, औषध चालू हाय. कुणाचं औषध, तर बसस्टँडवरच्या बोर्डवाल्याचं. मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज, हे बोर्ड आपल्याकडं विजेच्या प्रत्येक खांबावर, त्या माणसानं ना बोट घालून तपासलं ना दुर्बीण (कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातनं नळी घालून आतडं आतनं बघायची तपासणी) सांगितली, पुड्या देत राहिला. शेवटी दुर्बीण झाली तेव्हा गाठ गुदाशयात होती आणि लिव्हरला पोचलेली. गुदाशयातली गाठ बऱ्याचदा हातमोजा घालून नुसत्या बोटानं लागते हो, त्याला स्पेनची चिप लागत नाही.

हे एकट्याचं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं त्यांच्याकडच्या ८०० पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास आणि गुदाशयातल्या गाठीच सगळ्यात जास्त. आपल्याकडं हा कॅन्सर पाश्चात्य देशांपेक्षा खूप कमी आहे हे खरं, पण होतो तो कर्त्या वयात आणि कळतो उशिरा. गाठ जागेवर असताना सापडली तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे शंभरातले नव्वदच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही असतात, लांबच्या अवयवात पसरल्यावर पंधराच्या आसपास. मधली तफावत म्हणजे त्या पुड्यांचे सात-आठ महिने, सरळ हिशोब.

आता मला भीती कशाची वाटते ते. आपल्याकडं अँटिबॉडीच्या टेस्टचं काय होतं ते आम्ही विडालमधे बघून बसलोय. विडाल ही टायफॉइडची शंभर वर्षांहून जुनी टेस्ट, ती पण रक्तातली अँटिबॉडीच बघते, आणि ती अँटिबॉडी आधी कधी होऊन गेलेल्या टायफॉइडची असू शकते, लस घेतल्याची असू शकते, दुसऱ्याच कुठल्या तापाची असू शकते, त्यामुळं एका टेस्टवर काही ठरत नाही. पण रिपोर्टवर एकास ऐंशी (१:८०) असा आकडा वाचला की झालं, सलाइन चालू, "टायफॉइड निघालाय" म्हणून गावभर निरोप. वाळव्यापासून जतपर्यंत कुठंही जा, घरटी एकाला तरी विडालचा टायफॉइड झालेला असतो. उद्या ही कॅन्सरची पट्टी आली आणि तिचं असंच झालं तर सलाइनवर भागणार नाही, माणूस रात्रभर झोपणार नाही, जमीन विकायच्या गोष्टी सुरू होतील.

थोडा हिशोब घालतो, बोअर झालं तरी वाचा. अमेरिकेत जुलै २०२४ मधे शिल्ड नावाच्या रक्ताच्या टेस्टला सरकारी मान्यता मिळाली, ती अँटिबॉडीची नाही, रक्तात फिरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची आहे, पण आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्तावरची सध्याची सगळ्यात गाजलेली तीच. तिचा अभ्यास ७,८६१ माणसांवर झाला, त्यात ६५ जणांना कॅन्सर होता, त्यातले ५४ तिनं पकडले, म्हणजे ८३ टक्के. चांगलंच आहे. पण ज्यांना काहीच विशेष नव्हतं त्यातल्या शंभरातल्या दहांना पण तिनं पॉझिटिव्ह दाखवलं. आता समजा आपल्या एखाद्या तालुक्यात ४५ च्या वरच्या १०,००० माणसांची अशी टेस्ट केली आणि त्यात खरे कॅन्सरवाले २० आहेत असं धरलं, तर सोळा-सतरा सापडतील, तीन-चार निर्धास्त होऊन घरी जातील, आणि हजाराच्या आसपास माणसं काही नसताना कॅन्सरच्या भीतीनं दारात उभी राहतील. त्या हजार आणि सोळा जणांना वेगळं काढायचा एकच रस्ता, कोलोनोस्कोपी. अँटिबॉडीच्या टेस्टचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधलं, तिथं फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी १२,२०८ माणसं घेऊन बघितलं, सात अँटिबॉडींची टेस्ट आणि पॉझिटिव्ह आला की सिटीस्कॅन. उशिराच्या टप्प्यातले कॅन्सर कमी झाले, हा फायदा दिसला. पण टेस्ट केलेल्या गटात दोन वर्षांत जे ५६ कॅन्सर निघाले त्यातले टेस्टला पॉझिटिव्ह आलेले १८ च. आणि जो काही फायदा झाला तो मागं सिटीस्कॅन ठरलेला होता म्हणून झाला, नुसता कागद हातात देऊन घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं सांगा.

अजून एक. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी कोंबासारख्या छोट्या वाढीतनं होतो, पॉलिप म्हणतात, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात आणि दुर्बिणीतनंच तो कापून टाकता येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच विषय मिटला. रक्ताच्या टेस्ट इथं कच्च्या पडतात, वरच्या शिल्डनं मोठ्या पॉलिपवाल्यांतले शंभरात तेराच पकडले. त्यामुळं रक्त निगेटिव्ह आलं म्हणजे आतडं साफ असं कुणी समजू नये.

तर प्रश्न येतो दुर्बिणीचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वॉन्लेस साहेबांनी १८९४ मधे इथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कोकणातनं, कर्नाटकातनं पेशंट येतायत, सांगली-मिरजेत आणि तिकडं कऱ्हाड-साताऱ्यात दुर्बीण करणारे चांगले डॉक्टर आहेत. पण आटपाडीचा, माणचा, पाटणच्या वरच्या वाडीचा माणूस इथं कसा येणार. आदल्या दिवशी ते पावडरचं दोन लिटर पाणी प्यायचं, रात्रभर संडासला पळायचं, सकाळी उपाशी एसटीत बसायचं, सोबत माणूस पाहिजे, दोघांचा रोज बुडतो, आणि खाजगीत काही हजार रुपये. एकदा निदान झालं की ऑपरेशन-केमो महात्मा फुले योजनेत बसतं, पण निदानापर्यंत पोचायचं कसं ते ज्याचं त्यानं बघायचं. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीच्या वरच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते, आतड्याचा त्यात नाही. आकडा कमी म्हणून सगळ्यांचीच करणं परवडत नाही हे मला पण पटतं. पण सगळ्यांची नको, ज्यांचं रक्त जातंय, ज्यांचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलंय, ज्यांच्या आई-बापाला किंवा भावाला हा कॅन्सर झालाय, एवढ्यांची तरी करा ना. आशाताई घरोघर फॉर्म भरतात तिथं "संडासवाटे रक्त जातं का, किती दिवस" हे ठासून विचारलं आणि हो म्हटलं की उपकेंद्रातच फिटची डबी हातात दिली, पॉझिटिव्ह आला की उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी दुर्बीण, तर त्याला कुठलीही नवी चिप लागत नाही. आणि ही वहिवाट आज बसली तर उद्या चिप आल्यावर डबीच्या जागी फक्त पट्टी ठेवायची, पुढचं सगळं तयार असेल. उलटं केलं तर पट्टी येईल, पॉझिटिव्हचा ढीग येईल आणि पुढं भिंत.

आमच्या धंद्यातल्या लोकांना पण दोन शब्द, चिडलात तरी चालेल. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधे सीईए (रक्तातल्या एका प्रोटीनची टेस्ट) घालून "कॅन्सर तपासणी मोफत" म्हणून जाहिरात करणं बंद करा. सीईए १९६५ ला सापडलेलं, ऑपरेशननंतर रोग परत येतोय का बघायला चांगलं, पण धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला ते नाहीच, विडी-सिगरेट ओढणाऱ्याचं नुसतं त्यानं पण थोडं वाढतं. नॉर्मल आलं की लोक खूश होऊन रक्त जात असतानासुद्धा गप्प बसतात, हे जास्त वाईट. बायोसेन्सर आला की पहिल्या महिन्यात तो याच पॅकेजमधे शिरणार, नारळ फोडून आणि फ्लेक्स लावून, मला आत्ताच दिसतंय.

साहेब, आपल्याला एकच मागणं. अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा टेस्ट किती माणसांवर झाली, ती माणसं आधीच आजारी होती की धडधाकट, आणि पॉझिटिव्ह आल्यावर पुढं काय करायचं एवढ्या तीन ओळी खाली घाला. आणि सांगली-सातारा जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यात कोलोनोस्कोपी कुठं होते, कोणत्या वारी, कागद कोणते लागतात याची आपल्या वार्ताहरांकडनं माहिती काढून एक चौकट छापाल का? छापलीत तर मी ती कापून आमच्या काउंटरच्या काचेला आतनं चिकटवतो, ते "कॅन्सरचं रक्त" विचारणाऱ्यांना दाखवायला.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, मिरज
(नाव छापू नये ही विनंती, मालक पण आपलाच पेपर वाचतात)